दहा वर्षं टिकेल असा डेस्कटॉप, पण खिसा सांभाळून: पैसे कुठे घालू आणि कुठे वाचवू?

कोपऱ्यातलं_टेबल

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. माझा डेस्कटॉप २०१४ चा आहे, कोअर आय५ ४५७०, आठ जीबी रॅम, आणि मधे कधीतरी मीच बसवलेली एक साटा एसएसडी. अकरा वर्षं निमूटपणे काम केलं बिचाऱ्याने, पण गेल्या महिन्यापासून मधेच बंद पडायला लागला म्हणून झाकण काढून बघितलं तर रॅमच्या स्लॉटजवळचे दोन कपॅसिटर वरून फुगलेत. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, माझा चौथ्या जनरेशनचा. म्हणजे आता नवीन घ्यायचंच.

काम काय तर हिशोबाच्या मोठाल्या एक्सेल फायली, ब्राउझरमधे तीस-चाळीस टॅब कायम उघडे, कॅमेऱ्यातले रॉ फोटो थोडेफार एडिट करणं, कधीतरी व्हिडिओ कापणं. मुलगी कोडिंग शिकतेय ती वापरेल, आणि ती गेम खेळणार नाही असं मी म्हणणार नाही, पण तो मुद्दा दुय्यम.

एका ओळखीच्याने यादी करून दिलीये: कोअर आय५ १२४००एफ, एच६१० बोर्ड, १६ जीबी रॅमची एकच कांडी, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, पुढून काचेचं कॅबिनेट चार रंगीत फॅनवालं, आणि त्या कॅबिनेटसोबतच येणारा "५०० वॉट"चा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). ग्राफिक्स कार्ड नंतर बघू म्हणाला.

माझी अट एकच, परत दहा वर्षं झाकण उघडायला लागू नये, किंवा लागलंच तर एखादा भाग बदलून भागावं, सगळं फेकून द्यायला लागू नये. बजेट मात्र आटोपशीर आहे. ही यादी चालेल का? नसेल तर कशात बदल करू?

---

मीटरवाली

दादा, आधी एक सांगा, या यादीतून डिस्प्ले कुठून येणार? १२४००एफ आहे तो. इंटेलच्या मॉडेलमधे शेवटी एफ असला की आतलं ग्राफिक्स बंद केलेलं असतं, आणि तुम्ही कार्ड तर "नंतर बघू" म्हणताय. बोर्डवर एचडीएमआयचं भोक असेल, त्यात केबलही जाईल, पण स्क्रीनवर काही उमटणार नाही. माझ्याकडे अशी मशिनं "बोर्ड गेलाय हो" म्हणून येतात, बोर्डाला काही झालेलं नसतं. मग एकतर एफ नसलेला १२४०० घ्या नाहीतर कार्ड आत्ताच घ्या.

आता खरा मुद्दा. मी रिपेअरिंग करते, पंधराएक वर्षं झाली, आणि मला विचाराल तर या यादीतली सगळ्यात वाईट वस्तू तो कॅबिनेटसोबतचा एसएमपीएस आहे. त्याच्या लेबलवर मोठ्या अक्षरात ५०० लिहिलेलं असतं ते सोडून द्या, खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या पुढे किती अँपिअर लिहिलेत ते बघा. बरेचदा २० अँपिअर असतात. १२ गुणिले २० म्हणजे २४० वॉट. आजच्या कॉम्प्युटरमधे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात, त्यामुळे कामाचे वॉट तेवढेच, बाकीचे ३.३ आणि ५ व्होल्टचे आकडे मिळवून पाटी मोठी केलेली असते. चांगल्या एसएमपीएसमधे ५५० वॉट लिहिलेलं असेल तर १२ व्होल्टला ४५ अँपिअरच्या आसपास दिसतात.

लोक म्हणतात ८० प्लस ब्राँझ बघून घ्या. बघा जरूर, पण ते सर्टिफिकेट फक्त वीज किती वाया जाते एवढंच सांगतं (मूळ ११५ व्होल्टच्या चाचणीत ब्राँझला अर्ध्या लोडवर ८५ टक्के), आतला माल किती टिकेल याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. टिकण्याचा अंदाज वॉरंटीवरून येतो. जी कंपनी पाच किंवा सात वर्षं लिहून देते तिने आत काहीतरी बरं घातलेलं असतं, एक-दोन वर्षांची वॉरंटी असेल तर तिचाही तेवढाच विश्वास आहे असं समजायचं.

आणि तुमच्या फुगलेल्या कपॅसिटरचं गणित सांगते, मजेशीर आहे. आत ओलं रसायन असलेला कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा डबा) किती तापमानाला किती तास टिकेल हे कंपनीने ठरवलेलं असतं, समजा १०५ डिग्री, २००० तास. साधारण नियम असा की तापमान दर १० डिग्रीने कमी झालं की आयुष्य दुप्पट. आत ६५ डिग्री राहत असेल तर ४० ने कमी, म्हणजे चार वेळा दुप्पट, म्हणजे सोळा पट, ३२,००० तास. रोज आठ तास धरलं तर ४,००० दिवस, अकरा वर्षांच्या जवळ. तुमचा बोर्ड अगदी हिशोबाने गेलाय बघा. आता तोच कपॅसिटर ८५ डिग्रीवाला असेल, स्वस्त एसएमपीएसमधे असतात, तर त्याच ६५ वर फक्त चौपट, ८,००० तास, तीन वर्षंही धड नाहीत. डब्याबाहेरून दोन्ही एसएमपीएस सारखेच दिसतात.

आणि तो जाताना एकटा गेला तर नशीब. माझ्याकडे एकदा अशी केस आली होती की एसएमपीएसने जाताना बोर्ड आणि हार्डडिस्क दोन्ही सोबत नेले, डिस्कवर लग्नाचे फोटो होते. कंपनीचं नाव घेत नाही, तसंही ते नाव आज बाजारात नाही.

---

सॉकेट_पाहून

मीटरवालीताईंना पूर्ण अनुमोदन, एसएमपीएसबद्दल आणखी बोलत नाही. मी बोर्डाबद्दल बोलतो कारण "एखादा भाग बदलून भागावं" असं तुम्ही म्हणालात आणि ते सगळं सॉकेटवर, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेवर, ठरतं.

माझंच उदाहरण देतो. २०१७ ला रायझन ५ १६०० घेतला, बी३५० बोर्ड, एएम४ सॉकेट. २०२२ मधे त्याच बोर्डवर बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५ ५६०० बसवला, कारण त्या वर्षी एएमडीने जुन्या ३०० सिरीजच्या बोर्डांनाही ५००० चे प्रोसेसर अधिकृतपणे मोकळे केले. दोन्ही सहा कोअरचेच, पण मशीन नवीन घेतल्यासारखं वाटलं. रॅम तीच, कॅबिनेट तेच, एसएमपीएस तोच, फक्त प्रोसेसर बदलला. एक अपघात होता होता वाचला तेवढा सांगतो, एएम४ मधे पिना प्रोसेसरला असतात आणि जुनी थर्मल पेस्ट वाळून डिंकासारखी चिकटलेली असते, मी कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला लटकत बाहेर आला, दोन पिना वाकल्या, त्या पात्याने सरळ करताना घाम फुटला होता. आधी मशीन वापरून गरम करायचं, बंद करायचं, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळून काढायचा, हे मला नंतर कळलं. एएम५ मधे पिना बोर्डावर आहेत आणि प्रोसेसर पत्र्याखाली दाबलेला असतो, त्यामुळे तो लटकत येत नाही, पण बोर्डावरच्या पिनांना बोट लावायचं नाही, त्या याहून नाजूक.

आता तुमच्या यादीतला एच६१० म्हणजे एलजीए १७०० सॉकेट. त्यावर इंटेलच्या १२, १३ आणि १४ अशा तीन जनरेशन आल्या आणि ऑक्टोबर २०२४ मधे पुढचा सॉकेट, १८५१, आला. म्हणजे तुम्ही जे घर बांधताय त्यावर पुढचा मजला चढणार नाही. जुना १३वा-१४वा घेता येईल, पण त्यातल्या जास्त वॉटच्या मॉडेलमधे व्होल्टेजमुळे अस्थिर होण्याची भानगड झाली होती, २०२४ मधे इंटेलने ती मान्य केली, मायक्रोकोड (बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर पुढे सेकंडहँड घ्यायचा म्हणजे आधीच्या मालकाने तो बायोस अपडेट केला होता की नाही हे कोणाला विचारणार?

एएम५ सप्टेंबर २०२२ मधे आला, त्यावर ७०००, ८०००, ९००० सिरीज चालतात आणि २०२७ पर्यंत आणि पुढेही सपोर्ट देऊ असं एएमडीने सांगितलंय. म्हणून मी म्हणेन रायझन ५ ७६०० आणि बी६५० बोर्ड. पाच वर्षांनी कोणीतरी गेमर आपला एक्स३डी (जास्त कॅशवाला, गेमिंगसाठीचा) प्रोसेसर विकेल तो तुम्ही घ्याल. बोर्ड घेताना एवढंच बघा की बायोस फ्लॅशबॅक आहे, म्हणजे पेन ड्राइव्हवरून प्रोसेसर न बसवताही बायोस बदलता येतो, पुढे नवा प्रोसेसर घेतल्यावर हेच बटण कामाला येतं.

---

निवांत_गडी

सगळे शहाणे जमलेत म्हणून जरा उलटं बोलतो, राग मानू नका.

"पुढे अपग्रेड करू" म्हणून सॉकेट बघून घेणारे लोक मी ढिगाने बघितलेत आणि खरंच प्रोसेसर बदलणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके, त्यातले एक वर बसलेत. टेबलवाल्या भाऊंनी स्वतः अकरा वर्षांत काय बदललं? एक एसएसडी टाकली. बस. प्रोसेसर नाही, रॅम नाही, कार्ड नाही. मग पुढच्या दहा वर्षांत ते अचानक दर तीन वर्षांनी कॅबिनेट उघडून बसणार आहेत का?

त्यांचं काम आहे एक्सेल, ब्राउझर आणि फोटो. माझं म्हणणं, ऑफिसांमधून निघालेली मोठ्या कंपन्यांची डेस्कटॉप मशिनं येतात ती बघा. आठव्या जनरेशनचा आय५ ८५०० असला तरी सहा कोअर आहेत, ६५ वॉटचा आहे, आतलं ग्राफिक्स चालू आहे, विंडोज ११ अधिकृतपणे बसतं. रॅम १६ करायची, नवी एसएसडी टाकायची, विषय संपला. ती मशिनं दिवसरात्र चालण्यासाठीच बनवलेली असतात, त्यांचे एसएमपीएस तर तुमच्या त्या काचेच्या पेटीतल्यापेक्षा कितीतरी बरे. आणि एक चालती वस्तू भंगारात जायची वाचते ते वेगळंच.

बाकी चार रंगीत फॅनबद्दल मी काही बोलत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

---

मीटरवाली

@निवांत_गडी, अर्धं पटलं. ऑफिसातलं मशीन वाईट नाही, मी स्वतः लोकांना देते. पण त्याची गोम ही की आतले भाग त्या त्या कंपनीच्या मापाचे असतात. एसएमपीएसचा आकार वेगळा, बोर्डाला जाणारा प्लग २४ पिनचा नसून सहा किंवा आठ किंवा दहा पिनचा, पुढच्या पॉवर बटणाची वायरही त्यांचीच. म्हणजे पाच वर्षांनी बोर्ड गेला तर नेमका तोच बोर्ड शोधत फिरायचं, कॅबिनेटमधे दुसरा बसत नाही. "एखादा भाग बदलून भागावं" ही त्यांची अट तिथेच मोडते.

आणि ८५०० हा २०१८ चा आहे. विंडोज ११ च्या यादीत तो सगळ्यात खालच्या पायरीवर बसलाय. पुढच्या वेळी पायरी वर सरकली की पहिला तोच बाहेर. तीन-चार वर्षं काढायची असती तर मीही हेच म्हटलं असतं.

---

कोपऱ्यातलं_टेबल

बापरे, एवढं सगळं. एफचं ऐकून तर हसावं की रडावं कळेना, तो पठ्ठ्या म्हणाला होता "सगळं बसवून देतो".

निवांत भाऊ, तुम्ही बोललात ते लागलं कारण खरं आहे, मी अकरा वर्षांत खरंच काही बदललं नाही. पण त्याचं एक कारण हेही की बदलायला काही शिल्लकच नव्हतं, त्या बोर्डवर पुढचं काही बसतच नव्हतं. यावेळी निदान दार उघडं असावं असं वाटतंय.

मग एएम५ कडे कल होतोय. शंका तीन. ७६०० घेतला तर कार्ड न घेता फोटोचं काम चालेल का, की तो ८६००जी घ्यावा ज्यात ग्राफिक्स चांगलं आहे म्हणतात? रॅम २०२५ च्या शेवटापासून भलतीच महाग झालीये, १६ ची एक कांडी घेऊन ठेवली आणि दुसरी नंतर घेतली तर? आणि एसएसडीबद्दल ऐकतो की लिहून लिहून मरतात, मग दहा वर्षांसाठी कुठली घ्यायची?

जाता जाता, मॉनिटर जुनाच ठेवणार आहे, त्याला फक्त व्हीजीए आहे.

---

सॉकेट_पाहून

७६०० की ८६००जी याचं उत्तर तुम्ही कार्ड कधी घेणार यावर आहे. ७६०० मधे ग्राफिक्सचे फक्त दोन युनिट आहेत, डिस्प्ले, व्हिडिओ, एक्सेल, फोटो सगळं निवांत चालेल, गेमचं नाव काढू नका. ८६००जी मधे आठ युनिट, हलके गेम चालतात. पण त्या बदल्यात त्याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) अर्धी, ३२ च्या जागी १६ एमबी, आणि कार्डासाठी पीसीआयच्या सोळाऐवजी आठच लेन (कार्ड आणि प्रोसेसरमधले डेटाचे रस्ते). त्याच्या खालच्या ८५००जी ला तर चारच. कार्ड कधीच घेणार नसाल तर जी, पुढेमागे घेणार असाल तर साधा ७६००. तुमची मुलगी कोडिंग शिकतेय म्हणजे दोन वर्षांत कार्ड मागणार हे मी लिहून देतो.

लेनचं महत्त्व एका उदाहरणाने कळेल. २०२२ च्या जानेवारीत आरएक्स ६५०० एक्सटी नावाचं कार्ड आलं, त्याला चारच लेन होत्या. पीसीआय ४ वाल्या बोर्डवर ते बरं चालायचं, पण स्वस्तातलं कार्ड कोण घेतं, ज्याच्याकडे जुना, निम्म्या वेगाच्या पीसीआय ३ चा बोर्ड आहे तोच ना, आणि नेमकं त्याच्याकडेच ते जास्त अडखळायचं. म्हणून स्वस्त कार्ड घेताना मेमरी किती एवढंच बघू नका, लेन किती तेही बघा.

---

रॉ_फाइल

फोटोचा विषय निघाला म्हणून येतोय. एसएसडीची भीती डोक्यातून काढून टाका, गणित करू. कंपनीच्या माहितीत टीबीडब्ल्यू लिहिलेलं असतं, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहून होईपर्यंत वॉरंटी. एक टीबीच्या चांगल्या टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या) ड्राइव्हला ६०० असतात. मी फोटो एडिट करूनही रोज सरासरी २० जीबी लिहितो, म्हणजे ६ लाख जीबी भागिले २०, तीस हजार दिवस, ब्याऐंशी वर्षं. स्वस्त क्यूएलसीला (पेशीत चार बिट) २२० असतात, तरी तीस वर्षं. ड्राइव्ह लिहून मरायच्या आधी आपणच जाऊ.

मग क्यूएलसी का नको? कारण तो भरत आला की मंदावतो, मोठी फाइल कॉपी करायला घेतली की सुरुवातीला सुसाट आणि मग जुन्या हार्डडिस्कपेक्षाही हळू. दहा वर्षं वापरायचं तर ड्राइव्ह भरणारच, म्हणून टीएलसी, आणि ५१२ ऐवजी एक टीबी. सर्वात वेगवान जेन ५ वगैरेच्या नादी लागू नका, एक्सेल उघडताना फरक कळत नाही आणि ते तापतात.

खरा धोका वेगळाच आहे. एसएसडी खराब होताना हार्डडिस्कसारखी कुरकुर करत नाही, आतला कंट्रोलर गेला की काल चालू होती, आज बायोसमधे दिसतच नाही. माझी अशीच गेली, वापर अजून दहा टक्केही झाला नव्हता. तेव्हा बॅकअप. तो साध्या बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, एसएसडीवर घेऊन कपाटात वर्षानुवर्षं ठेवू नका, वीज न मिळता पडून राहिली की तिच्यातला चार्ज हळूहळू झिरपून जातो.

रॅमचं म्हणाल तर शक्यतो १६ च्या दोन कांड्यांचा एकच सेट घ्या, महाग झाली असली तरी. एक कांडी म्हणजे अर्धाच रस्ता उघडा, आणि तुम्ही आतलं ग्राफिक्स वापरणार, ते याच रॅममधून जेवतं, त्याला जास्त जाणवतं. दुसरी नंतर घेतलीत तर मॉडेल नंबर तोच असूनही आतल्या चिपा वेगळ्या निघू शकतात, मग दोघींचं पटतंच असं नाही. अगदीच जमत नसेल तर एक घ्या, पण ती १६ चीच, आठच्या दोन घेऊन पुढे चार करू हा विचार नको. डीडीआर५ चारही स्लॉट भरले की मंदावते, ७००० सिरीजला दोन कांड्यांवर अधिकृत वेग ५२०० आहे, चार झाल्या की ३६००.

---

धूळधाण

अरे कोणी कॅबिनेटबद्दल बोलणार आहे की नाही? पुढून बंद काच आणि तिच्यामागे तीन फॅन, ते हवा कुठून घेणार? काच चाटत बसणार? पुढून जाळी असलेलं साधं कॅबिनेट घ्या, आत ढकलणारे दोन फॅन आणि मागे बाहेर टाकणारा एक. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा थोडी जास्त असली की फटींमधून धूळ ओढली जात नाही, ती पुढच्या जाळीवरच अडते, जाळी काढून झटकली की झालं.

लिक्विड कूलर कोणी सुचवला तर हात जोडा. त्यात पंप आहे, आणि पाणी बंद नळीतूनसुद्धा वर्षानुवर्षं थोडं थोडं उडतं. साध्या धातूच्या कूलरमधे बिघडण्यासारखी एकच गोष्ट, फॅन, आणि तो बदलता येतो. ७६०० सोबत जो कूलर येतो तो चालेल तुम्हाला, जरा आवाज करतो एवढंच.

साफ करताना ब्लोअर मारलात तर फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. भिरभिर फिरवायला मजा येते पण त्यात बेअरिंगची वाट लागते.

---

निवांत_गडी

@कोपऱ्यातलं_टेबल, ठीक आहे, दार उघडं ठेवायचंय तर ठेवा, तुमचं घर. पण मग कार्डाचा विचार करून ७५० वॉटचा एसएमपीएस घेऊन बसू नका कोणाच्या सांगण्यावरून. ७६०० जास्तीत जास्त ८८ वॉट खातो, बाकी बोर्ड, फॅन, ड्राइव्ह मिळून पन्नास-साठ, आणि उद्या मध्यम कार्ड घेतलंत तर ते ११५ ते १६५ च्या दरम्यान. सगळं मिळून तीनशेच्या वर जरासं. चांगला ५५० पुरून उरतो. वाचलेले पैसे रॅममधे घाला.

आणि व्हीजीए मॉनिटरला एचडीएमआयची नुसती केबल चालणार नाही, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. खरं तर मॉनिटरच बदला राव, फोटो एडिट करणारा माणूस अकरा वर्षांचा व्हीजीए मॉनिटर बघतोय आणि आपण इथे कॅशच्या एमबी मोजतोय.

---

मीटरवाली

हे बाकी खरं बोललात. 😄

टेबलवाले दादा, जोडणी स्वतः करणार असाल तर तीन गोष्टी. एसएमपीएसच्या सुट्या होणाऱ्या केबल असतील तर त्याच्यासोबत आलेल्याच वापरायच्या, जुन्या एसएमपीएसच्या केबल बसतात पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी असते, त्यात ड्राइव्ह जळलेले मी बघितलेत. दुसरं, कॅबिनेटमधे बोर्डाखाली ज्या पितळी खुंट्या असतात त्या फक्त बोर्डाला भोक आहे तिथेच ठेवा, जास्तीची काढा. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, एएम५ पहिल्यांदा चालू केला की रॅम ओळखण्यात कितीतरी मिनिटं काळी स्क्रीन राहते. फॅन फिरतात, दिवा लागतो, दिसत काही नाही. घाबरून बटण दाबू नका. घड्याळ लावून दहा मिनिटं हात मागे बांधून उभे राहा.

---

कोपऱ्यातलं_टेबल

तीन आठवड्यांनी परत आलो, सगळ्यांचे आभार मानायचे होते आणि एक कबुलीही द्यायचीये.

शेवटी घेतलं ते असं: रायझन ५ ७६००, बी६५० चा छोटा बोर्ड फ्लॅशबॅकवाला, १६ च्या दोन कांड्या, एक टीबी टीएलसी, ५५० वॉटचा एसएमपीएस सात वर्षं वॉरंटीचा (१२ व्होल्टला ४५ अँपिअर, दुकानात चष्मा लावून वाचलं), आणि पुढून जाळीचं काळं कॅबिनेट ज्याला एकही दिवा नाही. मुलगी म्हणाली हे कपाटासारखं दिसतं. जुनी साटा एसएसडी तिच्या प्रयोगांसाठी आत लावून दिली, त्यावर तिने लिनक्स टाकलंय. कार्ड नाही घेतलं, त्या पैशात मॉनिटर घेतला, निवांत भाऊंचं शेवटचं वाक्य झोपताना आठवत होतं.

कबुली अशी की ताईंनी सांगूनसुद्धा दुसऱ्याच मिनिटाला मी बटण दाबून बंद केलं. मग रॅम काढून परत बसवली. मग परत बंद केलं. तिसऱ्या वेळी मुलीने माझ्या हातातून स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला आणि फोनवर टायमर लावला. सहाव्या मिनिटाला बायोस दिसला. रॅम ४८०० वर चालत होती, बायोसमधे जाऊन एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) चालू केल्यावर डब्यावर लिहिलेल्या वेगाला आली, परत एकदा तीन-चार मिनिटं काळी स्क्रीन, यावेळी मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

एकच शंका राहिलीये. झाकण लावताना एक पितळी खुंटी उरलीये. बोर्ड आत आहे, चालतोय. काढून बघू का?

---

मीटरवाली

उरली असेल तर बिघडत नाही, उलट लावलेली राहिली असती आणि तिथे बोर्डाला भोक नसतं तर मागून शॉर्ट झाला असता. पण चुकीच्या भोकातून काढलेली उरलीये की बरोबर भोकाची लावायची राहिलीये हे कसं कळणार? बोर्डाची भोकं मोजा आणि प्रत्येकात स्क्रू बसलाय का ते बघा. आधी वीज बंद करून वायर भिंतीतून काढा.

---

कोपऱ्यातलं_टेबल

मोजली. आठ भोकं, आठ स्क्रू. खुंटी एसएमपीएसच्या डब्यात टाकून ठेवली. झाकण लावतोय.